मीठ वाढवलं की जीवाणू जास्त प्रतिजैविक बनवतात का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा बॅसिलस जीवाणू ५ टक्के मिठाच्या मीडियममध्ये (वाढीच्या द्रवात) वाढवला की त्याच्या सुपरनॅटंटचा (पेशी काढून उरलेल्या द्रवाचा) ई. कोलाय या दुसऱ्या जीवाणूवरचा झोन, म्हणजे वाढ न झालेलं वर्तुळ, मोठा येतो; मग मिठाच्या ताणाने प्रतिजैविक वाढलं असं म्हणता येईल का? एवढ्यावरून नाही. आधी प्लेटमध्ये एक वेल (अगारमधला खड्डा) वेगळा ठेवा. त्यात तेच ५ टक्के मिठाचं मीडियम, फक्त जीवाणू न घातलेलं.

हे इतक्या आग्रहाने सांगतोय कारण मी स्वतः यात फसलोय. एम.एस्सी.ला उरणच्या मिठागरातल्या गाळातून मिळालेले जीवाणू तपासत होतो. १० टक्के मिठातल्या एका कल्चरचा झोन बघून दोन दिवस मी हवेत होतो. मग मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "नुसत्या मीडियमचा वेल कुठंय?" तो लावला, तर त्याच्याभोवतीही ई. कोलाय विरळ झालेला. ई. कोलायला एवढं मीठ सोसत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियसला सोसतं. ज्या मॅनिटॉल सॉल्ट अगारवर तो ओळखतात त्यात ७.५ टक्के मीठ असतंच. म्हणून इंडिकेटर, म्हणजे ज्याच्यावर परिणाम तपासायचा तो जीवाणू, म्हणून तोही सोबत ठेवा.

कंट्रोल, म्हणजे नुसत्या मीडियमचा वेल, स्वच्छ आला तर खरा प्रश्न सुरू होतो: वाढलं ते एकूण, की पेशीमागे? बाहेर मीठ वाढलं की पेशीतलं पाणी बाहेर खेचलं जातं. ते धरून ठेवायला जीवाणू आधी पोटॅशियम आत ओढतो, मग प्रोलीन, ग्लायसीन बिटेन, एक्टोईन असे रेणू साठवतो. यात ऊर्जा जाते आणि वाढ मंदावते. एकूण प्रतिजैविक कमी झालं तरी पेशीमागचं वाढलेलं असू शकतं, आणि उलटही. तेव्हा प्रत्येक वेळी ओडी (द्रवाचा गढूळपणा, त्यावरून पेशी किती ते कळतं) किंवा पेशींचं कोरडं वजन मोजून प्रतिजैविकाचा आकडा त्याने भागा. नुसत्या झोनच्या मिलिमीटरवरही जाऊ नका. पदार्थ दुप्पट झाला म्हणून झोन दुप्पट होत नाही. सुपरनॅटंट निम्मा-निम्मा पातळ करत जा आणि कुठपर्यंत परिणाम टिकतो ते बघा.

"मिठाने प्रतिजैविक वाढतं" असं सरसकट वाक्य मला पटत नाही. स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर हा मातीतला जीवाणू घ्या. तो निळं ॲक्टिनोऱ्होडिन बनवतो आणि लाल अनडेसिलप्रोडिजिओसिनही. मिठाचा ताण दिला की निळं खूप घटतं आणि लाल वाढतं. जीवाणू एकच, मीठ तेच, तरी दोन पदार्थांची दोन उत्तरं! सॉसेज आंबवण्यासाठी अभ्यासलेल्या लॅक्टोबॅसिलस साकेईच्या एका स्ट्रेनमध्ये तर मीठ घातल्यावर बॅक्टेरिओसिन (इतर जीवाणूंना मारणारं छोटं प्रथिन) सरळ कमीच होतं. असे अनेक लॅक्टिक आम्ल बनवणारे जीवाणू एक छोटा पेप्टाइड (प्रथिनासारखी छोटी साखळी) बाहेर सोडून आपली संख्या ओळखतात आणि मगच बॅक्टेरिओसिन बनवायला लागतात. मीठ त्या पेप्टाइडला पेशीवरच्या रिसेप्टरवर (त्याला ओळखणाऱ्या रेणूवर) नीट बसू देत नसावं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

तुमच्या मीडियममध्ये यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आहे का, तेही बघा. त्यात ग्लायसीन बिटेन आयतं मिळतं, त्यामुळे ५ टक्के मिठाचा ताण तुम्ही समजता तेवढा पडतच नाही. मला वाटतं, दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळत नाहीत त्यामागे अनेकदा हेच असतं.

आणि परिणाम सोडियमचा की नुसत्या परासरण दाबाचा (पाणी बाहेर खेचणाऱ्या दाबाचा), हे ठरवायचं असेल तर एक फ्लास्क तेवढाच दाब देणाऱ्या सॉर्बिटॉलचा (साखरेसारख्या, सोडियम नसलेल्या पदार्थाचा) लावा. दोन्हीकडे सारखंच दिसलं, तर कारण पाणी खेचलं जाणं हेच असण्याची शक्यता जास्त. फक्त मिठातच दिसलं, तर सोडियम किंवा क्लोराइडकडे बघावं लागेल, आणि तुमच्या प्रकल्पाचा पुढचा भाग तिथूनच निघेल.