ब्लेंडरमध्ये (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) 'माणूस आणि पंचमहाभूतं' अशी चित्रं करायची आहेत. नवशिका आहे, लॅपटॉप जुना (८ जीबी रॅम). सुरुवात कुठून करू?

भाऊ, हाच विषय घेऊन मी सुरुवातीला चांगलीच माती खाल्ली होती, म्हणून लिहितो. मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडचा, केळीचं वावर सांभाळून रात्री ब्लेंडर करतो.

माझं पहिलं चित्र म्हणजे फुकट उतरवलेला एक पुतळा, पद्मासनात, अर्धा आगीचा, अर्धा पाण्याचा, मागे आकाशगंगा. आगीच्या सिम्युलेशनने (ज्वाळेची हालचाल गणिताने काढणं) डिस्क भरली. रात्रभर सायकल्सवर (ब्लेंडरचं हुबेहूब पण संथ इंजिन) रेंडर लावला, म्हणजे अंतिम चित्र काढायला ठेवलं, तर पहाटे लाइट गेली. दुसऱ्या रात्री कसंबसं झालेलं चित्र आईला दाखवलं. ती म्हणाली, "येमा मानूस कोठे शे?"

तेव्हा पाचही भूतं एकाच चित्रात कोंबू नका, आणि माणसाची आकृती तर इतक्यात काढूच नका. एक भूत घ्या आणि त्यावर माणसाची एखादी खूण ठेवा.

मातीपासून सुरू करा. आपली काळी जमीन ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. ही भेग काढायला व्होरोनॉय टेक्स्चर (पेशींसारखी जाळी काढणारा नोड, म्हणजे जोडायचा ठोकळा) घ्या आणि त्यात 'डिस्टन्स टू एज' निवडा. नुसतं तेवढंच ठेवलंत तर बाथरूमची फरशी दिसेल. त्याच्या व्हेक्टरमध्ये (नमुना कुठे बसेल ते ठरवणारा इनपुट) थोडा नॉइज टेक्स्चर मिसळला की भेगा वाकड्या होतात. मग मोठ्या मापाचा एक आणि बारीक मापाचा एक असे दोन थर एकत्र करा, कारण मोठ्या भेगांच्या मधल्या ढेकळालाही बारीक तडे असतातच. आणि काळी जमीन म्हणून काळा रंग देऊ नका! वैशाखातलं ढेकूळ हातात घेऊन बघा, राखाडी असतं. ओलं झाल्यावर ते काळं होतं. तेव्हा बेस कलर (मूळ रंग) गडद करायचा आणि रफनेस (खरखरीतपणा) उतरवायचा. या दोन आकड्यांवर तेच वावर उन्हाळ्यातून पावसाळ्यात जातं. मी त्या भेगेत अंगठा तुटलेली एक स्लीपर अडकवून ठेवली, बाकी काही नाही. आईने बघितलं आणि विचारलं, "औंदा पानी लांबना का?"

वाऱ्यासाठी वावटळ करायला जाऊ नका, केळीचं पान करा. वाऱ्याने ते शिरांच्या रेघेने फाटत जातं आणि झालरीसारखं लोंबतं. साध्या प्लेनला आडवे काप दिले तरी जमतं. बागेच्या कडेला शेवरीची दाट रांग लावा. वारा अडवायला आपण ती लावतोच, म्हणजे माणूसही आला. मला हे चित्र मातीच्या चित्रापेक्षा जास्त आवडतं, पण लोकांना ती स्लीपरच आवडते.

आग सिम्युलेशनशिवाय होते. चूल करा, जाळ कडेआड लपवा, आत एक लाइट ठेवा. सायकल्समध्ये त्याच्या रंगाला ब्लॅकबॉडी नोड (तापमानावरून रंग देणारा) जोडा, १८०० केल्विनच्या आसपास; ईव्ही या हलक्या इंजिनात लाइटला थेट गडद नारिंगी रंग द्या. भरताची वांगी त्या उजेडात अशी चमकतात की ज्वाळेची आठवणही येत नाही. पाणी तांब्याभरच घ्या, आयओआर (प्रकाश किती वाकतो तो आकडा) १.३३३.

आकाश म्हणजे निळा रंग नव्हे, ऊन. स्काय टेक्स्चरमध्ये सूर्याची उंची जवळजवळ ९० अंश करा. मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी आपल्याकडे सूर्य अगदी डोक्यावर असतो, सावली पायाखाली गोळा होते. तयार दृश्यं बघून सगळे संध्याकाळचा सोनेरी उजेड टाकतात. तो सुंदर असतो, पण तो आपला उन्हाळा नाही.

तुमच्या लॅपटॉपवर ईव्हीत काम करा. सायकल्स वापरायचंच असेल तर रिझोल्यूशन ५० टक्के, सॅम्पल (दर पिक्सेलमागे किरणांचे नमुने) १२८ आणि डीनॉइझ (दाणे पुसणं) चालू ठेवा. आणि एक, एफ १२ (रेंडरची कळ) दाबून केलेलं चित्र आपोआप सेव्ह होत नाही. रेंडर संपला की आधी सेव्ह करा, मग चहाला उठा. माझी दोन चित्रं अशीच गेली आहेत.