युद्धानंतर शेती उभी करायची तर बियाणं आणि अवजारं पुरतात का?

तुम्ही विचारलंय की युद्ध संपल्यावर गावी परतलेल्या शेतकऱ्याला बियाणं, कुदळ आणि काही महिन्यांचं धान्य दिलं तर पुढचं तो बघून घेईल, मग सरकारं आणि संस्था एवढा घोळ का घालतात? मला जवळून माहीत असलेला देश एकच, मोझांबिक. उत्तरेकडच्या नामपुला प्रांतात काजू खरेदीच्या कामात मी काही वर्षं काढली. तेव्हा उत्तर तिथलंच देतो.

बियाणं लागतंच, त्यात वाद नाही. १९७७ ते १९९२ चाललेल्या यादवीत साधारण १७ लाख लोक शेजारच्या देशांत पळाले होते, त्यातले ११ लाखांच्या आसपास एकट्या मलावीत. ४ ऑक्टोबर १९९२ ला रोममध्ये करार झाला, म्हणजे तिथला पावसाळा अगदी तोंडावर असताना. मका, ज्वारी, चवळी पेरायची तर पहिल्या पावसाआधी रान साफ झालेलं हवं. हंगाम उलटून गेल्यावर हातात आलेलं बियाणं चुलीवर चढतं, आणि उपाशी घरात ते चढणारच. अवजारांचं म्हणाल, तर गुरांना जीवघेणा आजार देणाऱ्या त्सेत्से माशीमुळे उत्तरेत बरेच ठिकाणी बैल टिकत नाहीत. सगळं हाताने, कुदळीवर. त्यामुळे हातात नवी कुदळ पडली तरी एका घराला झेपेल तेवढीच जमीन लागवडीखाली येते.

पण त्याआधी शेतात पाय ठेवता यायला हवा. देशात वीस लाख सुरुंग आहेत असे आकडे सुरुवातीला फिरत होते, ते फारच फुगवलेले निघाले. मात्र पाऊलवाटेवर एक सुरुंग आहे अशी नुसती कुणकुण लागली तरी त्या वाटेपलीकडची सगळी रानं पडीक राहतात. सुरुंग शोधायला माणसं लागली, यंत्रं लागली, आणि वासावर शिकवलेले मोठे आफ्रिकी उंदीरही लागले (वजनाला इतके हलके की त्यांच्या पायाखाली सुरुंग उडत नाही). देश सुरुंगमुक्त जाहीर व्हायला सप्टेंबर २०१५ उजाडला. करारानंतर तब्बल तेवीस वर्षं!

मग प्रश्न येतो, जमीन कुणाची? सातबारासारखं काही बहुतेकांकडे कधी नव्हतंच. इथे मला त्या देशाचं खरंच कौतुक वाटतं. १९९७ च्या कायद्याने जमिनीची मालकी सरकारकडेच ठेवली, पण परंपरेने किंवा दहा वर्षं प्रामाणिकपणे कसणाऱ्याचा हक्क कागद नसतानाही मानला, आणि शेजाऱ्यांची तोंडी साक्ष पुरावा म्हणून धरली. नामपुलात तर लोक झाडं दाखवतात. हा काजू माझ्या आजोबांनी लावला, म्हणजे रान आमचं. त्याच कारणाने दुसऱ्याच्या जमिनीवर तात्पुरता राहणारा माणूस काजू लावू लागला की मूळ कसणाऱ्याच्या कपाळावर आठ्या. झाड लावणं म्हणजे हक्क सांगणं.

आता ज्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही ते: दुकानदार. पोर्तुगीज काळात गावोगावी 'कांतिना' असायच्या, छोटी किराणा दुकानं. चालवणारे पोर्तुगीज, उत्तरेत बरेच भारतीय वंशाचेही. ते शेतकऱ्याचा मका, काजू, शेंगदाणा उचलायचे आणि त्याला कापड, साबण, मीठ, रॉकेल द्यायचे. लुटायचेही, अर्थात. १९७५ च्या स्वातंत्र्यानंतर पोर्तुगीज बहुतेक निघून गेले, उरलेली दुकानं आणि ट्रक युद्धाने संपवले. मग पैसे देऊन घ्यायला गावात काहीच नसेल, तर पोटापुरत्यापेक्षा जास्त पिकवायचं कशाला? मला विचाराल तर नव्या बियाण्याच्या पोत्यांपेक्षा दुरुस्त झालेला कच्चा रस्ता आणि त्यावरून येणारा खरेदीचा ट्रक जास्त काम करतो. फुकट बियाणं दरवर्षी वाटत राहिलात, तर बियाणं विकणारा दुकानदार उभाच राहत नाही. २००० च्या महापुरानंतर तिथे कुपनं देऊन बियाण्यांचे बाजार भरवले गेले, ते मला म्हणूनच शहाणपणाचं वाटतं.

काजूचं मात्र हसं झालं. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक वर्षाला २ लाख टनांवर काजू काढायचा, जगात पहिला. शांतता आल्यावर जागतिक बँकेच्या आग्रहाने कच्च्या काजूवरचा निर्यात कर उतरवला. शेतकऱ्याला भाव जास्त मिळेल हा हिशेब. झालं असं, की कच्ची बी भारतात जाऊ लागली, मोझांबिकमधले काजू फोडणारे मोठे कारखाने बंद पडले आणि हजारो कामगार घरी बसले. वाढलेल्या भावातला मोठा वाटा मधल्या मध्ये व्यापाऱ्यांनी खाल्ला. मी ज्या धंद्यात होतो तो हाच, त्यामुळे फार मोठ्या आवाजात बोलत नाही.

पुढे २००० नंतर नामपुलात हाताने काजू फोडणारे छोटे कारखाने उभे राहू लागले, खेड्यांजवळच. ऐन मोसमात आमच्याशी भावाला भिडणारं दुसरं गिऱ्हाईक शेतकऱ्याच्या दारात आलं. आमच्या साहेबांना ते अजिबात आवडलं नव्हतं.