वही कपाटात, फी तयार

फोंड्याहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी बारावीला, कला शाखेत. तिला फॅशन आणि लक्झरीवर लिहिणारी पत्रकार व्हायचंय. आई-बाबांनी मुंबईतल्या एका खाजगी संस्थेचा महागडा अभ्यासक्रम परस्पर पक्का केलाय, दागिने मोडायचीही तयारी आहे. 'इंग्रजी सुधारावं म्हणून तिची मराठी लिखाणाची वही मी कपाटात ठेवलीय. एक पान पाठवते, कशात वेळ घालवते ते बघा.'

ताई, पान वाचलं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ती भाजी विकणाऱ्या एका वयस्क कुणबी बाईशी बोललीय. लाल चौकड्यांचं सुती कापड आता का नेसत नाही, असं विचारल्यावर बाई म्हणाली, 'नायलॉन बेगीन सुकता', म्हणजे लवकर सुकतं. त्याखाली मुलीने बुटीकमधल्या तशाच साडीची किंमत लिहिलीय आणि शेजारी बाईची दिवसभराची विक्री. हळहळ नाही, शेरा नाही. फॅशन पत्रकारिता ती हीच, आणि तुम्ही ती कुलपात घातलीत! तिच्या अंगच्या गुणांची मला काळजी नाही, या कुलपाची आहे.

इंग्रजी लागेल, वादच नाही. या विषयाची बडी मासिकं इंग्रजीतच निघतात. पण त्यासाठी मराठी बंद करायची हे कुणी सांगितलं?

तुम्ही लिहिता, 'त्या वर्तुळात वावरायचं तर राहणीमान तसं हवं, संस्था तेही शिकवते.' हा गैरसमज तुम्हाला लाखांना पडेल. मासिकातल्या फोटोंसाठी कपडे आणि पर्सेस बहुतेक उसन्या आणतात, काम झालं की परत जातात. मासिकं जाहिरातींवर चालतात, त्यामुळे जाहिरातदार ब्रँडविषयी खरं लिहिणं जड जातं. ब्रँडच्या खर्चाने फिरून ब्रँडचं कौतुक करणं हा जनसंपर्काचा धंदा. तो करावा, पैसाही बरा मिळतो, फक्त त्याला पत्रकारिता म्हणू नये. 2013 मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून 1,100हून जास्त माणसं मेली. तिथे पाश्चात्त्य ब्रँडचे कपडे शिवले जात होते. 2025 मध्ये प्राडा या इटालियन ब्रँडने मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या, कोल्हापूरचं नावही न घेता. ओरड झाल्यावर मूळ कबूल केलं. अशा बातम्या लिहायला चामडं, सूत, मजुरी कळावी लागते. काटा-चमचा कसा धरायचा हे नंतर आलं तरी चालतं. अमेरिकी पत्रकार रॉबिन गिव्हन यांना 2006 मध्ये समीक्षेचं पुलित्झर, म्हणजे तिथला पत्रकारितेचा मोठा पुरस्कार, मिळालं, ते फॅशनवरच्या लिखाणासाठी.

आणि गोव्यात राहून काय होणार, असं म्हणू नका. कोलवाळचे वेंडेल रॉड्रिक्स डिझायनर तर होतेच, पण गोव्याच्या पेहरावाचा इतिहासही त्यांनीच शोधून लिहिला.

निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेत फॅशन कम्युनिकेशनची पदवी आहे. तिला हवी असेल तर प्रवेश परीक्षा द्यावी. माझं मत विचाराल तर आधी इथेच बी.ए. करावं, इतिहास किंवा इंग्रजी घेऊन, आणि सोबत स्थानिक वृत्तपत्रांच्या पुरवण्यांना लेख पाठवत राहावं. पत्रकारितेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यानंतर.

फीची मुदत महिनाअखेर आहे म्हणता. भरू नका. पुढचं पत्र तिला लिहू द्या, मराठीत आलं तरी चालेल.