वय 31, मूळ लातूरचा, पुण्यात आयटीत आहे. अभिनय आणि लेखनासाठी नोकरी सोडू का?

लेखनासाठी सोडू नका. अभिनयासाठी सोडावीच लागेल. तुम्ही दोन्ही एका दमात विचारलंय, म्हणून आधी एवढी फोड करतो.

मी अंबाजोगाईचा. संभाजीनगरला, वाळूजच्या एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत 9 वर्षं परचेसला होतो. हौशी नाटक नोकरीत बसतं, कारण तिथं सगळेच नोकरदार. तालीम लागते संध्याकाळी सातला, आणि राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की रात्रीचा एक वाजतो. कॅमेऱ्यापुढचं काम मात्र बसत नाही. मंगळवारी दुपारी ऑडिशनचा फोन येतो, "उद्या अकराला आरामनगर, वर्सोवा." मी पोट बिघडल्याचं सांगून रात्रीची मुंबईची देवगिरी एक्सप्रेस पकडायचो. दोन ओळी म्हणायच्या की परत. वर्षात पाचव्यांदा पोट बिघडलं तेव्हा साहेब शांतपणे म्हणाले, "एकदा दुर्बिणीतून तपासून घे." त्याच महिन्यात राजीनामा दिला.

लिहिणाऱ्याला असं मंगळवारी कुणी बोलावत नाही. नोकरीत असताना मी दोन एकांकिका लिहिल्या. सोडल्यावर पहिल्या 8 महिन्यांत चार पानं. सगळा दिवस मोकळा मिळाला की माणूस लिहितो, हे माझ्या बाबतीत तरी साफ खोटं निघालं. तेव्हा एक संहिता पूर्ण करा, मग राजीनाम्याचं बघा.

पैशाचं थोडक्यात. मालिकेत मोबदला दिवसावर ठरतो आणि हातात पडतो साधारण 90 दिवसांनी. काम मिळूनही तीन महिने खिशातलंच खायचं. ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणाऱ्या रकमेची, 5 वर्षं भरत आली असतील तर थांबा. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबरच जातो. आईवडील त्यात असतील तर आत्ताच वेगळी पॉलिसी काढा, जुन्या आजारांना 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. मी काढली नव्हती. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, मोतीबिंदूचे पैसे बहिणीनं भरले. ती कधी बोलून दाखवत नाही, तेच जास्त लागतं.

अजून एक. आपलं मराठवाडी बोलणं ऐकलं की हवालदार, नाहीतर पुढाऱ्यामागं फिरणारा माणूस, एवढंच देतात. वैताग येतो. पण लेखनाचे पहिले पैसे मला त्याच बोलीनं दिले. एका मालिकेत लातूरकडची सून होती आणि लिहिणाऱ्याला "काय करूलालीस" काही जमेना. चाळीस भागांचे संवाद मी दुरुस्त केले. नाव कुठंच आलं नाही. पैसे आले, 90 दिवसांनी.

घरी समजावताना डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण देऊ नका. मी दिलं होतं: कान-नाक-घशाचे सर्जन, 1969 मध्ये चाळिशी उलटल्यावर पूर्णवेळ नाटकात आले. अण्णा म्हणाले, "ते डॉक्टर होते. नसतं जमलं तर परत दवाखाना टाकला असता. तू काय टाकशील?"

पुढं दीडेक वर्षानं त्यांना संत एकनाथ रंगमंदिरात प्रयोगाला नेलं. संपल्यावर विंगेत आले आणि विचारलं, "याचे किती देतात?" मी आकडा सांगितला. जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "चल, चहा मी पाजतो."