पुढून मागे जाताना

चि.,
अनेक आशीर्वाद.

येत्या मोसमात तुला गोल करणाऱ्या फॉरवर्ड लाइनमधून काढून मागे, उंच डिफेन्डर म्हणून खेळवायचं तुझ्या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल क्लबने ठरवलंय, ते कळलं. तुझ्या मेसेजचा सूर पडलेला होता. "गोल होत नाहीत म्हणून मागे ढकललं" असं तू लिहिलंस. हा अर्थ तू तुझ्या मनाने लावलायस. ज्याला क्लब टाकून देणार असतो, त्याच्यावर अख्खा प्रीसीझन नवी जागा शिकवण्यात कुणी घालवत नाही.

डार्सी मूर बघ. वडील पीटर मूर यांच्या नावावर मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूची, १९७९ आणि १९८४ अशी दोन ब्राउनलो पदकं. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, वडिलांच्या क्लबला मुलगा घेऊ देणाऱ्या फादर-सन नियमाने कॉलिंगवूडने डार्सीला नवव्या क्रमांकावर घेतलं ते फॉरवर्ड म्हणून. पहिली काही वर्षं तो कधी पुढे, कधी मागे असाच फिरत राहिला. त्यात हॅमस्ट्रिंगने, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूने, छळलं. २०१९ मध्ये तो मागे स्थिरावला. २०२० मध्ये वर्षातल्या सर्वोत्तमांच्या ऑल-ऑस्ट्रेलियन संघात आला, २०२३ मध्ये कर्णधार झाला, आणि त्याच वर्षी ग्रँड फायनलमध्ये कॉलिंगवूडने ब्रिस्बेनला चार गुणांनी हरवलं. लोक या गोष्टीची शेवटची तीन वाक्यं सांगतात. तू मधली वर्षं बघ. जागा बदलण्याने नुकसान क्वचित होतं, दोन जागांमध्ये लटकत राहण्याने हमखास होतं. तुझ्याशी बोलायचा मुख्य मुद्दा हाच आहे.

हॉथॉर्नचा जेम्स सिसिली फॉरवर्ड म्हणून आला, मागे गेला आणि कर्णधार झाला. उलट वाटेनेही माणसं जातात. वेस्टर्न बुलडॉग्जचा अॅरन नॉटन २०१८ चा पहिला मोसम मागे खेळला आणि पुढच्याच वर्षी फॉरवर्ड झाला. मेलबर्नचा टॉम मॅकडोनल्ड बरीच वर्षं डिफेन्डर होता, २०१७ मध्ये पुढे गेला, २०१८ मध्ये त्याने ५३ गोल केले, आणि कारकिर्दीच्या उत्तरार्धात परत मागे आला. तेव्हा हा रस्ता एकेरी नाही. पण एका वेळी एकच दिशा धरायची.

आता कामाचं. कबड्डीत चढाईपटूला कोपऱ्यात उभं केलं तर चढाई करणारा कधी वळणार हे त्याला इतरांच्या आधी कळतं, तसंच तुझं होईल. फॉरवर्ड लीड घेण्याआधी, म्हणजे चेंडू घ्यायला मोकळ्या जागेत धावण्याआधी, खांदा कसा टाकतो, खोटी दोन पावलं कुठे टाकतो, किक मारणाऱ्याशी नजरानजर कधी करतो, हे सगळं तू स्वतः केलेलं आहेस. ही तुझी कमाई आहे. अडचण शरीराच्या सवयींची आहे.

पहिली सवय उभं राहण्याची. फॉरवर्डला चेंडू समोर लागतो, म्हणून तू नकळत माणसाच्या पुढे जाऊन उभा राहशील आणि चेंडू डोक्यावरून गेला की संपलं. मागे काही नाही, फक्त गोलचे खांब. तुझी जागा गोलच्या बाजूला, माणसापासून हाताच्या अंतरावर, अर्धा खांदा मागे. छाती चेंडूकडे सरळ नको. कंबर तिरकी ठेव, म्हणजे एका डोळ्यात माणूस आणि दुसऱ्यात चेंडू राहतो. चेंडू दूर असताना हाताने माणूस चाचपत राहायचं, पण जर्सी मुठीत धरायची नाही. गोलमागचा अंपायर तिथेच बघत असतो असं समजून चाल.

दुसरी सवय दोन्ही हातांनी झेलायची, आणि सगळ्यात जास्त गोल इथेच जातात. ठोकताळा साधा आहे. चेंडू पडण्याच्या जागी तू माणसाच्या आधी किंवा बरोबर पोहोचलास तर मार्कला, म्हणजे चेंडू हवेत झेलायला, जा. अर्धं पाऊल जरी उशीर झाला तर ठोसा मारून चेंडू घालवायचा, म्हणजेच स्पॉइल. निर्णय चेंडू हवेत अर्ध्या वाटेवर असतानाच झाला पाहिजे. वर उडी घेतल्यावर मन बदललं की ना मार्क होतो ना स्पॉइल, आणि चेंडू फॉरवर्डच्या छातीवर जातो.

स्पॉइल करताना मूठ घट्ट, अंगठा बाहेर, हात माणसाच्या खांद्यावरून सरळ चेंडूच्या मध्यावर. बाजूने फटकारा मारलास तर त्याचा हात खाली ओढला जातो आणि फ्री किक. दुसऱ्या हाताने पाठीवर ढकललंस तरी फ्री किक. जागा टिकवण्यासाठी हात टेकवता येतो, ढकलता येत नाही. आणि ठोसा कुठे जातोय ते बघ. समोर, दहा-बारा मीटरवर चेंडू टाकलास तर त्यांचे छोटे फॉरवर्ड तिथेच टपलेले असतात. स्पॉइल सुंदर आणि तीन सेकंदांनी गोल, असं दर आठवड्याला दिसतं. ठोसा सीमारेषेच्या बाजूला, जितका लांब जाईल तितका.

सरावाला एक जण चाळीस मीटरवरून उंच किक मारेल, एक फॉरवर्ड, एक तू. चेंडू अर्ध्यात यायच्या आत मोठ्याने "मार्क" किंवा "पंच" ओरडायचं आणि ओरडलं तेच करायचं. एका वेळी दहा चेंडू, आठवड्यात दोनदा, मुख्य सरावानंतर. दहापैकी किती वेळा शब्द आणि कृती जुळली तेवढंच मोज. चेंडू मिळाला की नाही हे सुरुवातीला मोजू नकोस.

आता माणूस सोडून दुसऱ्याचा चेंडू अडवायला, म्हणजे इंटरसेप्टला, कधी जायचं. तुला मागे आणलंय ते मुख्यतः यासाठीच असणार, कारण चेंडू हवेत वाचता येणारे कमी असतात. आधी किक मारणाऱ्याकडे बघ. त्याच्यावर दबाव आहे का, तो घाईत उंच उडवतोय का? मग तुझा माणूस: तो चेंडूपासून लांब जातोय की नुसता उभा आहे? शेवटी, तू गेलास तर तुझा माणूस कोण घेणार, आणि त्याला ते माहीत आहे का? तिन्ही उत्तरं अनुकूल असतील तरच सुट, आणि सुटताना आवाज दे. किक मारणारा मोकळा असेल, डोकं वर करून बघत असेल, तर हलू नकोस. तो तुझ्या सुटण्याचीच वाट बघत असतो.

२०१९ पासून मधल्या वर्तुळातून खेळ सुरू होताना प्रत्येक संघाचे सहा जण गोलसमोरच्या प्रत्येक ५० मीटर कमानीत असावे लागतात, त्यातला एक गोलच्या तोंडाशी असलेल्या चौकोनात. म्हणजे दर गोलनंतर मागे जादा माणूस नसतो आणि तू एकास एक उघडा असतोस. त्या पहिल्या वीस सेकंदांत इंटरसेप्टचा मोह नको. आपला माणूस धर.

चेंडू पायात आल्यावरचा फरकही समजून घे. पुढे असताना तुझी ५० मीटरची किक कौतुकाची होती. मागे २५ ते ३५ मीटरची सपाट, छातीवर बसणारी किक लागते. मैदानाच्या मधल्या पट्ट्यात चुकलेला पास थेट गोलच्या सहा गुणांना पडतो, सीमारेषेजवळ चुकला तर सावरायला वेळ असतो. बिहाइंडनंतरच्या, म्हणजे त्यांना एक गुण मिळाल्यावर मागून खेळ सुरू करायच्या, किक-इनला आता आधी स्वतःकडे किक मारावी लागत नाही, चौकोनातून थेट धावत बाहेर येता येतं. पण पहिले काही सामने ते काम जुन्या माणसाला करू दे. आणि अंगावर दबाव नसताना मुद्दाम चेंडू गोलरेषेपार नेऊन एक गुण देऊ नकोस. त्यांना फ्री किक मिळते, तीही गोलच्या तोंडाशी.

शरीराबद्दल. फॉरवर्डची धाव त्याने स्वतः ठरवलेली असते, डिफेन्डरची दुसऱ्याने ठरवलेली. उलटं चालता चालता एकदम वळून पूर्ण वेगाने सुटावं लागतं. या खेळात हॅमस्ट्रिंगची दुखापत तशीही सर्वांत जास्त. तेव्हा पाच मीटर उलटं, कंबरेतून वळण, वीस मीटर धाव, प्रत्येक बाजूला सहा वेळा, मध्ये चालत पूर्ण विश्रांती. हे ताज्या पायांवर करायचं, सरावाच्या शेवटी नाही. हॅमस्ट्रिंगच्या नॉर्डिक व्यायामाचे सेट क्लबच्या फिजिओला विचारूनच वाढव. डावीकडचं वळण बहुतेकांचं कच्चं असतं आणि समोरच्या संघाचे विश्लेषक ते पहिल्या महिन्यातच हुडकून काढतात.

घरच्यांचंही बोलायला हवं. गोल सगळ्यांना दिसतात, स्पॉइल कुणाला दिसत नाहीत. आजी पुण्याहून फोनवर "आज किती केलेस?" विचारणारच, आणि उत्तर बहुतेक शून्य असणार. बाबांना एकदा शेजारी बसवून एक पूर्ण सामना फक्त डिफेन्डरकडे बघत दाखव. चेंडूकडे बघायचंच नाही अशी अट घाल.

लाइन कोचकडून, म्हणजे बचाव सांभाळणाऱ्या प्रशिक्षकाकडून, आत्ताच तीन गोष्टी स्पष्ट करून घे, शक्यतो लेखी. संपूर्ण मोसम मागेच आहे का? सामना हातातून चालला असेल तर तुला पुढे टाकणार का, आणि तसा सराव कधी देणार? उंच माणूस धरायचा आहे की मोकळा इंटरसेप्टर व्हायचं आहे? ही दोन कामं वेगळी आहेत, दोन्हींना वेगवेगळं वजन लागतं, आणि नोव्हेंबरमध्ये जिममध्ये काय उचलायचं ते त्यावरच ठरणार. कराराचा विषय तूर्त तुझ्या मॅनेजरवर सोड.

मार्चमध्ये पहिल्या फेरीत नाव आलं नाही तर व्हीएफएल या खालच्या लीगमध्ये खेळशील. तिथे गोल कमी पडताहेत म्हणून अर्ध्या सामन्यात तुला पुढे जायला सांगितलं जाण्याची शक्यता खूप आहे, कारण तू तिथे उपयोगी पडशील. मैदानावर वाद घालू नकोस, जा आणि खेळ. पण सोमवारी लाइन कोचला विचार की हे त्यांच्या संमतीने झालं का. सलग पाच-सहा सामने मागे मिळेपर्यंत विचारत राहा.

कळावे.