पऱ्हाटीचा कोळसा आणि रंगाचे पाणी

आपल्या खान्देशात कपाशीच्या पऱ्हाट्या आणि केळीची खोडे मुबलक असल्याने, त्यांच्या कोळशाने कापड रंगाईच्या सांडपाण्यातील रंग शोषून घेण्याचा तुमचा विचार योग्य आहे. मात्र केवळ मिथिलीन ब्लू या प्रयोगशाळेतल्या निळ्या रंगावर चाचणी घेऊन समाधान मानू नका. तो रंग धनभारित आहे आणि वनस्पतिजन्य शोषकाचा पृष्ठभाग उदासीन पाण्यात बहुधा ऋणभारित असतो, विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, त्यामुळे आकडे सुखावणारे येतात. (मीही एकेकाळी त्यावर हुरळलो होतो.) सुती कापडाचे रिअॅक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे) रंग ऋणभारित व पाण्यात अतिशय विद्राव्य असतात, धाग्याला न चिकटलेला त्यांचा अंश तुरटीनेही सहजी खाली बसत नाही, आणि कोळशाने तो शोषला जावा म्हणून बहुधा पाण्याचा सामू (pH) आम्ल घालून कमी करावा लागतो, त्या आम्लाचा खर्च हिशेबात धरावा.

रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले असे मानू नये, हे मी अधिक आग्रहाने सांगेन. ऑक्सिजनविरहित टाकीत जिवाणू अॅझो रंग (नायट्रोजनच्या दुहेरी बंधाचे, कापड रंगाईत सर्रास वापरले जाणारे रंग) तोडतात तेव्हा पाणी फिके पडते, पण त्यातून निर्माण होणाऱ्या अॅरोमॅटिक अमाइन नावाच्या रंगहीन संयुगांपैकी काही कर्करोगकारक आहेत. म्हणून पुढे हवा देणारी टाकी हवीच. रंगाईतले मीठ तर कोळशाने निघतच नाही, आणि हे पाणी शेतीला द्यायचे म्हटले तर केळीला खारे पाणी सोसत नाही.

मोजमापापूर्वी नमुना नीट गाळा, कारण कोळशाची बारीक भुकटी वर्णमापकाचे (रंगाची तीव्रता मोजणाऱ्या यंत्राचे) वाचन बिघडवते. रंगाने भरलेला कोळसा उकिरड्यावर मात्र टाकू नका.