सत्तावीस ग्रुप आणि एक अडलेली वजाबाकी

या वेळी आलेली बरीच पत्रं मोबाइल आणि शाळा याभोवतीच फिरतायत, त्यातली तीन घेतलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या जिल्ह्यांतून येतोय.

प्रश्न : ताई नमस्कार. मी धडगाव तालुक्यात द्विशिक्षकी जि.प. शाळेवर आहे, पहिली-दुसरी माझ्याकडे. मुलं घरी पावरी बोलतात, मला ती येत नाही. मी 27 व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये आहे, केंद्राचा, तालुक्याचा, संघटनेचा, सरकारच्या निपुण भारत अभियानाचा, डीएडच्या बॅचचा, टेलिग्राम वेगळंच. दिवसाला दोन-अडीचशे मेसेज, ही लिंक भरा ती माहिती द्या, आणि पीडीएफ तर इतक्या की मोबाइल फुल्ल. परवा शिक्षण परिषदेत सांगितलं की प्रत्येक शिक्षकाने आपलं पर्सनल लर्निंग नेटवर्क तयार करायचं. मग हे 27 ग्रुप म्हणजे तेच का? कारण शिकायला तर मला काहीच मिळत नाहीये.
– एक शिक्षिका, जि. नंदुरबार

उत्तर : नाही हो, ते नेटवर्क नाही. 27 मधले निम्मे तर सरळ सरळ टपाल आहे, पूर्वी शिपाई घेऊन यायचा ते आता मोबाइलवर येतं एवढंच. ते टाळता येणार नाही, पण त्याला शिकणं समजून स्वतःला दोष देऊ नका. ते सगळे ग्रुप म्यूट करा, मधल्या सुट्टीत एकदा आणि शाळा सुटल्यावर एकदा बघा, तेवढं पुरतं.

आता नेटवर्क म्हणजे काय, तर ज्यांच्याकडून आपण शिकतो आणि ज्यांना आपणही काही सांगतो अशी आपण स्वतः जोडलेली माणसं. कॅनडातले जॉर्ज सिमेन्स म्हणून शिक्षणाचे अभ्यासक आहेत, त्यांनी 2005 मध्ये एक मांडणी केली की ज्ञान फक्त आपल्या डोक्यात नसतं, आपण कुणाकुणाशी जोडलेले आहोत त्या जोडण्यांतही असतं. मग 2008 मध्ये त्यांनी आणि स्टीफन डाउन्स यांनी मॅनिटोबा विद्यापीठातून यावरच एक कोर्स चालवला, फी भरलेले विद्यार्थी पंचवीसेक आणि ऑनलाइन फुकट सामील झालेले दोन हजारांच्या वर! तिथे एका पुस्तकातून सगळं शिकवलं असं झालं नाही, लोक आपापल्या ब्लॉगवर आपल्याला काय कळलं काय नाही ते लिहायचे, दुसऱ्याचं वाचायचे, त्याला उत्तर द्यायचे. म्हणजे नुसतं घ्यायचं नाही, आपणही काही द्यायचं, अशी तिथली रीत होती. आपल्या ग्रुपांत नेमकं हेच होत नाही. 1024 माणसं बसतात एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये, पण आपल्या वर्गात काय अडलंय ते तिथे कुणी लिहीत नाही, कारण लाज वाटते. मलाही वाटायची.

माझंच सांगते. 2016 साल, तिसरीचा वर्ग, हातच्याची वजाबाकी. 52 वजा 27, तर मुलं लिहायची 35. 43 वजा 18, परत 35. मी फळ्यावर चार वेळा हातचा घेऊन दाखवला, मुलं माझ्याबरोबर म्हणायची आणि वहीत परत तेच. शेवटी एका वहीच्या पानाचा फोटो काढला, वर मुलीचं नाव होतं ते बोटाने झाकलं, आणि आमचा आठ जणांचा एक छोटा ग्रुप होता तिथे टाकला, खाली लिहिलं, 14 पैकी 9 मुलं असं करतायत, माझं कुठे चुकतंय? संध्याकाळी संगमेश्वरकडच्या एका सरांचं उत्तर आलं. म्हणाले, मॅडम, मुलं नियम पाळतायत, मोठ्यातून लहान वजा करायचं असं आपणच पहिलीत सांगितलेलं असतं, म्हणून ती 2 आणि 7 बघून 7 मधून 2 काढतात. फळा पुसा आणि काड्या द्या.

दुसऱ्या दिवशी आइसक्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे रबर लावून आणि दोन सुट्या काड्या त्याच मुलीच्या हातात दिल्या, म्हटलं मला 27 दे. तिने दोन गठ्ठे दिले, मग दोन सुट्या दिल्या, मग थांबली. माझ्याकडे बघितलं, हातातल्या गठ्ठ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, बाई, रबर काढू का? हातचा तिला त्या क्षणी कळला. मलासुद्धा, इतकी वर्षं शिकवून.

त्या उत्तरासाठी मला पीडीएफ लागली नाही. लागलं काय तर एक नेमका प्रश्न आणि तो प्रश्न आपला मानणारी सात माणसं. आणि हो, मी दुसऱ्या दिवशी काय घडलं ते ग्रुपवर परत जाऊन लिहिलं, हे बहुतेक जण विसरतात. उत्तर मिळालं की थँक यूचा अंगठा टाकून मोकळे, त्यामुळे ज्याने वेळ काढून सांगितलं त्याला कळतच नाही की उपयोग झाला का.

आता तुमच्या पावरीचं. तुम्ही मोठ्या ग्रुपवर लिहिलंत की पहिलीच्या मुलांना मराठी कशी शिकवावी, तर नमस्काराचे हात आणि तीन जुन्या फाइली येतील. त्याऐवजी असं लिहा, पहिलीची अमुक इतकी मुलं, चित्र बघून वस्तू ओळखतात पण शब्द पावरीत सांगतात, मी मराठी शब्द दिला की गप्प होतात, पहिल्या दोन महिन्यांत तुम्ही काय केलंत? आणि हे विचारायचं कुणाला तर ज्यांच्यावर तीच वेळ आलीय त्यांना. मेळघाटात धारणीकडे कोरकू बोलणारी मुलं शिकवणारे शिक्षक, गडचिरोलीत गोंडी-माडिया, पालघरकडे वारली. त्यांची भाषा वेगळी पण अडचण हुबेहूब तुमचीच. यातले दोघे-तिघे फेसबुकच्या शिक्षक ग्रुपांत शोधून सापडतील, आपली ओळख देऊन थेट मेसेज करा. चौथी तुमच्या गावची अंगणवाडी ताई, तिला पावरी येत असेल तर तिच्यासारखी गुरू नाही. पाचवा तुमच्याच शाळेतून शिकून आता कॉलेजला गेलेला एखादा मुलगा किंवा मुलगी, त्याला सांगा रोजचे पाच शब्द व्हॉइस मेसेजवर बोलून पाठव, तुम्ही वर्गात तेच वापरा. मुलांना बाईंच्या तोंडून आपला शब्द ऐकू आला की ती कशी उजळतात ते तुम्हीच बघा.

आणखी एक, प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ 2015 पासून चालू आहे, तिथल्या चित्रगोष्टी मोफत आहेत आणि त्यांचं भाषांतर कुणीही करू शकतं. त्या कॉलेजच्या पोराला बरोबर घेऊन एक छोटी गोष्ट पावरीत करा, देवनागरीत, प्रिंट काढून वर्गात लावा, आणि मग तीच धारणीच्या शिक्षकाला पाठवा म्हणजे तो कोरकूत करेल. पाच माणसं पुरे आहेत. आत्ता तरी पाचच.

प्रश्न : ताई, मी वर्गातले उपक्रम, मुलांची गाणी-भाषणं यांचे व्हिडिओ फेसबुक-इन्स्टावर टाकतो. गावात कौतुक होतं, पटही टिकलाय. पण एका पालकाने हरकत घेतली. माझं चुकतंय का?
– एक शिक्षक, जि. सांगली

उत्तर : सर, तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण पालकाचं बरोबर आहे. माझ्या हातून झालेली गोष्ट सांगते. अडखळत वाचणारा एक मुलगा होता, त्याला मदत कशी करावी विचारायला मी त्याचा वाचतानाचा व्हिडिओ एका शिक्षक ग्रुपवर टाकला. दोन दिवसांनी तोच व्हिडिओ दुसऱ्या तालुक्यातून फिरून माझ्याकडे आला, वर हसण्याचे इमोजी आणि जि.प. शाळांची टिंगल करणारी ओळ. त्याच्या मोठ्या भावाने तो पाहिला. मग त्या मुलाने वर्गात मोठ्याने वाचणंच बंद केलं, वर्ष संपेपर्यंत. मी त्याच्या आईसमोर जाऊन माफी मागितली, पण व्हिडिओ काही परत आणता आला नाही.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक मूल बालक धरलंय आणि त्याची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, हे तत्त्व घातलंय. कायदा राहू द्या बाजूला, तरी सवय लावून घ्या की शिकण्यासाठी दाखवायचं तर वही दाखवा, हात दाखवा, फळा दाखवा. चेहरा, नाव, गणवेशावरचा बिल्ला नको. चूक करणारं किंवा रडणारं मूल तर कधीच नको, अगदी बंद ग्रुपमध्येसुद्धा. गाणं-भाषण असेल तर पालकांना आधी व्हिडिओ दाखवा, कुठे टाकणार ते सांगा, नाही म्हणाले तर नाही, आणि मुलालाही विचारा. ज्यांनी हरकत घेतली त्यांच्या घरी एकदा जाऊन या, आणि जुने व्हिडिओ काढून टाका.

प्रश्न : मुलगी दहावीला आहे, अभ्यास टेलिग्रामवर करते म्हणते. फोन काढून घेऊ का?
– एक वडील, नाशिक

उत्तर : काढून घेऊ नका दादा, अर्धा तास शेजारी बसा आणि म्हणा, मला दाखव तू काय वापरतेस. पेपर फुटला, आमच्याकडे मिळेल असं सांगून पैसे मागणारी चॅनेल दिसली तर तिच्याच हाताने ती सोडायला लावा. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेत, ते सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवर स्कॅन केले की धड्याचं साहित्य मोफत मिळतं. हे कोड पुस्तकात आणण्याची सुरुवात सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जि.प. शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी केली, ज्यांना 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं ते हेच गुरुजी, आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटली.

आणि तिच्या वर्गातल्या चार मैत्रिणींचा एक ग्रुप करायला सांगा. रोज रात्री प्रत्येकीने न सुटलेलं एकच गणित टाकायचं, ज्या मुलीला येतंय तिने वहीवर सोडवून फोटो पाठवायचा किंवा बोलून समजवायचं. साडेनऊला फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, तुमचासुद्धा.